साडू म्हणते आपलं जंगल मेलेलं आहे! नागपूर नेमकं कशात येते?

तर्रीपोहे
मंडळी, डोकं फिरलं म्हणून धागा काढून रायलो. बायकोची बहीण राजापूरले दिली, साडू पक्का कोकणी, माणूस लाखाचा पण दुसऱ्याच्या गावाचं कौतुक करायचं म्हटलं की जीभ आखडते. एप्रिलच्या शेवटी सुट्टीत आले, म्हटलं चला दाखवू आपलं वैभव, पहाटे साडेतीनले उठवून पेंचले नेलं, सिल्लारी गेट. जिप्सीत बसले, पंधरा मिनिटं इकडं तिकडं पाह्यलं आणि म्हणतात, "अहो हे कसलं जंगल, हे तर मेलंय. झाडाला पान नाही एक. वणवा लागून गेला काय?" गाईड पोट्टा हसला, मी गप. वाघही दिसला नाई. येताना मनसरजवळ चहा पिताना पुन्हा तेच, "आमच्या परसात याच्याहून दाट रान आहे."

त्यात पोट्टी आठवीत. तिनं जगाचा नकाशा रंगवायले घेतला, घनदाट जंगल हिरवं, गवताळ प्रदेश पिवळा, वाळवंट खाकी, आणि मले विचारते बाबा आपलं नागपूर कोणत्या रंगात? मी म्हटलं हिरव्यात. साडू म्हणाले खाकीत. दोघांची जुंपली. तर जाणकारांनी सांगा, आपण नेमके कशात येतो? आणि साडूले तोंडावर मारायले काही असन तर तेही सांगा.

कूलर_चालू_ठेव
नागपूरचा वेगळा रंग पाहिजे भाऊ. वाळ्याच्या ताट्यांचा. आपला बायोम (हवामान अन् झाडांवरून ठरणारा पट्टा हो) म्हणजे कूलर. 😄

भूगोलाच्या_बाई
तर्रीपोहे, मुलीला सांगा की तिचा प्रश्न तिच्या पुस्तकापेक्षा चांगला आहे. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, दर वर्षी हाच गोंधळ.

कोपेन नावाच्या शास्त्रज्ञानं १८८४ मध्ये हवामानाचा नकाशा मांडायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर तो सुधारत राहिला. त्याची युक्ती अशी की झाडं हीच थर्मामीटर समजायची, म्हणजे कुठली झाडं कुठे संपतात ते बघायचं आणि तिथे हवामानाची रेघ मारायची. त्याच्या हिशोबात नागपूर 'एडब्ल्यू', म्हणजे उष्ण प्रदेशातला सवाना (गवत आणि मधे मधे झाडं असलेला प्रदेश), थंडीतही सरासरी तापमान १८ च्या खाली नाही आणि वर्षातले काही महिने जवळपास कोरडे. म्हणजे नकाशा काढणाऱ्याला विचारलंत तर पिवळा. वनखात्याच्या पुस्तकात बघितलंत तर उष्ण प्रदेशातलं कोरडं पानगळीचं जंगल, म्हणजे हिरवा, पण फिकट. खाकी कुठेच नाही, हे साडूंना जरूर कळवा.

आता मजेची गोष्ट. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनला ६०० च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ दुप्पट पडतो, तरी लंडन बारा महिने हिरवं आणि आपण मार्चपासून खाकी दिसतो, का? कारण आपला बहुतेक पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि उरलेले आठ महिने झाडांनी त्या साठ्यावर काढायचे, त्यात मे महिन्यात ४५-४६ डिग्री. तिथे थोडा थोडा वर्षभर भुरभुरतो आणि ऊन एवढं मवाळ की पाणी फारसं उडूनच जात नाही. किती पडतो याच्याइतकंच कधी पडतो आणि उडून किती जातो हे बघायचं असतं. मुलं नेमकं हेच विसरायची आणि पेपरात "कमी पावसामुळे" लिहून मोकळी व्हायची.

मोहफूल
बाईंनी बरोबर सांगितलं. मी भंडाऱ्याकडचा, घरात तीन पिढ्या मोह वेचते म्हणून दोन शब्द.

पान गळणं म्हणजे मरणं नाई भाऊ, पान म्हणजे पाण्याची गळती. झाड पाणी पानातून सोडते, तळ्यात पाणी नसताना नळ चालू ठेवणार काय? सागवानाचं पान पाह्यलं का केवढं असते, सुपाएवढं, ते एप्रिलमध्ये अंगावर ठेवलं तर झाड आठ दिवसांत वाळून जाईन. म्हणून ते फेकून देते अन् उघडं उभं राह्यते. साडूभाऊंनी नीट पाह्यलं असतं तर त्याच उघड्या जंगलात कुसुमाच्या झाडाले लालभडक कोवळी पालवी आलेली दिसली असती. पाऊस यायले दीड-दोन महिने बाकी, जमीन तापलेली, तरी बावा पालवी काढून बसते. कारण आधी पान तयार ठेवलं तर पहिल्या सरीपासून कामाले लागता येते. पळस तर मार्चमध्येच पेटून जाते, एक पान नाई अन् सगळं झाड केशरी. मोहाचंही तसंच, फूल पहाटे पडते, आमची माय अंधारात टोपली घेऊन निघते. मे मध्ये तेंदूपत्ता. ज्याले साडू मेलेलं म्हणून रायले त्याच दोन महिन्यांत आमच्याकडच्या लोकांचं वर्षाचं अर्धं पैशाचं काम होते.

अजून एक, ऐन पाह्यला असन, मगरीच्या पाठीसारखी साल. त्यातल्या काही झाडांच्या खोडात भर उन्हाळ्यात पाणी साठलेलं असते, कुऱ्हाडीनं टोचा मारला तर धार लागते. सगळ्याच ऐनांत नसते, जाणत्या माणसालेच खोड पाहून अंदाज येते. उगाच कोणी जाऊन झाडं फोडू नका.

सडेकर
कोकणातर्फे मीच उत्तर देतो, कारण तर्रीपोहे यांचे साडू बहुतेक आमच्याच तालुक्यातले दिसतात, असं बोलणं दुसरीकडे मिळत नाही.

परसातलं रान वगैरे ठीक, पण अहो राजापूरचा सडा विसरलात काय? जांभ्या दगडाचा सपाट माळ, मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून दाखवा. गवताची काडी नसते, नुसता करडा कातळ. आणि जूनमध्ये दोन पाऊस झाले की त्याच कातळावर इंचभर मातीत गवत, मग श्रावण-भाद्रपदात फुलंच फुलं, त्यात कीटक खाणाऱ्या वनस्पतीसुद्धा, दवबिंदूसारखी चिकट टोकं असलेली. किडे का खातात, तर त्या कातळावर नायट्रोजन मिळत नाही म्हणून. आता ह्या सड्याला मेलेला म्हणायचं काय? आमच्याकडेही लोक म्हणतात म्हणा, "पडीक आहे, काजू लावा."

आणि हिरवं म्हणजे सुपीक ही अजून एक अफवा. ॲमेझॉनच्या जंगलाखालची माती बऱ्याच ठिकाणी अगदी कंगाल आहे, सगळा माल झाडांच्या अंगात, पान पडलं की बुरशी आणि मुळं ते लगेच ओढून घेतात, मातीत काही उरतच नाही. जंगल तोडलं की दोन-तीन पिकांत जमीन संपते. उलट त्या जंगलाला फॉस्फरसचा एक वाटा सहारातून येतो! चाडमध्ये बोडेले नावाचं सुकलेल्या तळ्याचं खोरं आहे, तिथली धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडून जाते. नासाच्या उपग्रहावरून काढलेला अंदाज वर्षाला साधारण २२ हजार टन फॉस्फरस. म्हणजे जगातलं सगळ्यात हिरवं जंगल थोडं का होईना वाळवंटाचं खातं. हे साडूंना सांगा, जेवताना सांगा.

तर्रीपोहे
@सडेकर भाऊ तुम्ही तर घरभेदी निघाले, धन्यवाद 🙏 कातळाचं लिहून ठेवलं.

झिरोमाईल
उणे तीसमधून नमस्कार. मूळचा धरमपेठचा, आता फिनलंडमध्ये. तर्रीपोहे, तुमच्या साडूंना इकडे पाठवा, हिरवं पाहिजे ना, घ्या. देशाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल, ट्रेनमध्ये बसलं की चार तास स्प्रूस, पाईन, बर्च, तळं, परत स्प्रूस, पाईन, बर्च, तळं. याला तैगा म्हणतात, रशिया-कॅनडापर्यंत पसरलेला, जमिनीवरचा सगळ्यात मोठा जंगलपट्टा हाच. पण झाडांच्या जाती बोटावर मोजण्याइतक्या. पेंचच्या एका नाल्याच्या काठावर जेवढ्या जाती असतील तेवढ्या मला इथे अख्ख्या जिल्ह्यात दिसत नाहीत.

आणि गंमत, सैबेरियात पूर्वेकडे गेलं की लार्च नावाचं सूचिपर्णी झाड लागतं, ते हिवाळ्यात सुया गाळून टाकतं. म्हणजे पानगळ उन्हाळ्याचीच असते असं नाही. इथे पाणी आहे पण गोठलेलं, झाडाला त्याचा उपयोग काय? मोहफूल यांनी सांगितलेलं नळाचं तेच गणित, फक्त कारण उलटं. अजून उत्तरेला गेलो होतो एकदा, झाडं बुटकी होत होत गुडघ्याएवढी झाली आणि मग संपलीच, नुसतं शेवाळ आणि दगडफूल. तो टुंड्रा. उन्हाळ्यात मच्छर असे की गोरेवाड्याचे मच्छर संत वाटतात.

(उणे तीस म्हणजे जानेवारीत हो, आता मे मध्ये दहा डिग्री आहे, सवयीने लिहिलं.)

कुसळ
वाचत होतो, पण आता राहवत नाही. बाईंनी सवाना म्हटलं आणि पुढे सगळे जंगल जंगल करत सुटले. मूळ भांडण इथेच आहे.

जंगल आणि सवाना यात फरक झाडांच्या संख्येचा नसतो, खाली काय आहे त्याचा असतो. खऱ्या बंद जंगलात वरचं छत मिटलेलं, खाली उजेड नाही, म्हणून गवत नाही. सवानात झाडं असतात, कधी भरपूर असतात, पण ऊन खाली पोचतं आणि जमिनीवर गवत असतं, ते गवत वाळतं, पेटतं, चरलं जातं, आणि झाडं त्याला तोंड द्यायला तयार असतात, जाड साल, मुळापासून परत फुटायची ताकद. आता आपला तेंदू बघा, जळला तरी मुळातून फुटतो. पळस तोडा, परत येतो. ऐनाची जाड साल तर वर सांगितलीच. ही आगीच्या आणि चराईच्या सोबत वाढलेली मंडळी आहेत. बंगळूरच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये हेच मांडलं की आपण ज्याला कोरडं पानगळीचं जंगल म्हणतो त्यातलं बरंचसं खरं तर सवाना आहे, आणि इंग्रजांनी लाकडाच्या नजरेनं बघून त्याला जंगल म्हटलं.

यात नुसत्या नावाचा प्रश्न नाहीये. "बिघडलेलं जंगल" म्हटलं की उपाय काय, तर खड्डे मारा झाडं लावा. आमच्या भागात एक टेकडी होती, पावसाळ्यात पवना-कुसळ कमरेएवढं, चंडोल, टिटव्या, कोल्हे. एका संस्थेनं (नाव नको) तिथे हजारो रोपं लावली, ग्लिरिसिडिया आणि गुलमोहर, फोटोबिटो झाले, गवत गेलं, पक्षी गेले, आता खाली काहीच उगवत नाही. आणि सगळे म्हणतात व्वा, हिरवंगार झालं. माळढोक वरोऱ्याच्या बाजूला होता आपल्याकडे, तो पक्षी झाडीत राहतच नाही, त्याला लांबपर्यंत मोकळं दिसायला पाहिजे. तो गेला तेव्हा कोणी झाडं कमी झाली म्हणून रडलं नाही कारण झाडं कमी झालीच नव्हती.

पश्चिम महाराष्ट्राचं तर अलीकडे जुन्या मराठी ओव्या-कथांमधले झाडांचे उल्लेख काढून दाखवलं गेलंय की तिथले माळ किमान ७५० वर्षं तरी माळच आहेत, कोणी जंगल तोडून झालेले नाहीत. बाभूळ, पळस, काटेरी झुडपं, संतांच्या काळातही तेच.

मोहफूल
@कुसळ पटलं पण पूर्ण नाई. नवेगाव-नागझिऱ्याच्या नाल्यात, ओलीच्या जागी, भर मे मध्येही छत मिटलेलं असते, अर्जुन, जांभूळ, बांबूची बेटं, खाली गवताची काडी नाई. त्याले सवाना कसं म्हणायचं? अन् आग. मोहाखालचा पाला आम्हीच जाळतो, फूल दिसावं म्हणून, ती कधी कधी हाताबाहेर जाते हे मी लपवत नाई. पण दरवर्षी तीच जागा जळली तर कोवळं रोप वर येईनच कसं? आगीची सवय असणं वेगळं, रोजचा मार वेगळा.

कुसळ
@मोहफूल नाल्याचं मान्य. माथ्यावर सवाना, नाल्यात जंगल, असं विणलेलंच आहे ते. दरवर्षीच्या आगीचंही मान्य.

लेआउटवाला
तुम्ही लोक जंगल का गवत म्हणून भांडून रायले, आमच्या धंद्यात हा वाद रोज कागदावर असते. झुडपी जंगल! बाहेरच्यांना माहीत नसन म्हणून सांगतो, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल रेकॉर्डला 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली जमीन आहे, जुन्या मध्यप्रांताच्या काळापासूनची. मुरमाड जमीन, मोठं झाड होत नाई, काटेरी झुडपं अन् गवत, गावची गुरं चरायले. १९५६ मध्ये विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, नोंद तशीच सोबत आली. मग प्रश्न, हे जंगल का नाई? तीस वर्षं ह्यावर घोडं अडलं. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हाव, झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच, सुमारे ८६ हजार हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्यावर बांधकामं होऊन गेली त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवली.

माझं दोन वेळा तोंड पोळलं ह्यात, एकानं स्वच्छ जमीन म्हणून दाखवली अन् जुना उतारा काढला तर झुडपी. तेव्हा शिव्या दिल्या. आज कुसळ यांचं वाचून वाटून रायलं की ज्या पटवाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी तो शब्द लिहिला त्याले बायोम-फियोम माहीत नव्हतं पण माणसानं बरोबर पाह्यलं होतं. जंगलही लिहिलं अन् झुडपीही लिहिलं.

भूगोलाच्या_बाई
लेआउटवाला, हे मी वर्गात सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही कारण पुस्तकात नव्हतं.

प्रेरीतला_वऱ्हाडी
अकोल्याचा, पोटापाण्यासाठी कॅनडात रेजायनाला. गवताचा विषय निघाला म्हणून. इथे चहूकडे सपाट, क्षितिजापर्यंत गहू. पण मूळची प्रेरी, म्हणजे इथलं गवताळ रान, पाहायची तर शोधत जावं लागतं. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेरीचा चार टक्क्यांहून कमी भाग शिल्लक आहे, बाकी नांगराखाली. जंगल तोडलं तर निदान ओंडके दिसतात, गवताळ रान गेलं तर दिसतच नाही, लोकांना वाटतं इथे शेतच होतं. त्या गवताची मुळं जमिनीत दोन-तीन मीटर जातात, जंगल इथे उलटं आहे, जमिनीखाली.

माती काळीभोर बघून पहिल्या दिवशी डोळ्यात पाणी आलं, म्हटलं आपलीच कपाशीची जमीन. तसं नाही पण. इथला काळेपणा हजारो वर्षं गवताची मुळं कुजून आलेला. आपली काळी माती बेसाल्ट (लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड) झिजून झालेली चिकणमाती, रंग काळा असला तरी सेंद्रिय अंश कमीच. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग तिकडं शेणखत टाकत नसतील?"

खडकफोड्या
उशिरा आलो. कोळशाच्या खाणीत काम करतो म्हणून एक वेगळं टोक जोडतो, नाही पटलं तर सोडून द्या.

नागपूर कोणत्या बायोममध्ये येतं हा प्रश्न अर्धवट आहे, कधी ते पण विचारा. चंद्रपूरजवळ इरई गावाशी खडकावर समांतर ओरखडे आहेत, १८७० च्या दशकापासून नोंदलेले. ते ओरखडे हिमनदीनं दगड घासत नेल्याचे. होय, चंद्रपूर, जिथे मे मध्ये ४७-४८ ची बातमी येते, तिथे साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ होता, कारण तेव्हा हा सगळा भूभाग दक्षिण ध्रुवाकडे गोंडवन नावाच्या खंडात चिकटलेला. (नाव आपल्याच गोंडांवरून बरं का, जगभरचे भूशास्त्रज्ञ आपलं नाव घेतात.) मग बर्फ वितळला, दलदली झाल्या, ग्लोसोप्टेरिस नावाची झाडं वाढली, ती गाडली गेली, तोच कामठी-उमरेड-वणीचा कोळसा. म्हणजे तुमचा कूलर ज्या विजेवर चालतो ती त्या दलदलीतली. शेलच्या (चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाच्या) थरात पानांचे ठसे स्पष्ट दिसतात, मधली शीरसुद्धा.

पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा. सीताबर्डीची टेकडी त्याच बेसाल्टची, आणि शहराच्या पूर्वेला गेलात की तो संपतो, खाली जुने खडक उघडे पडतात. दोन लाव्हांच्या मधल्या काळात जे तळ्याकाठी वाढलं त्याचे जीवाश्म नागपुरात टाकळीला सापडलेत, हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच अभ्यासले होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. आणि छिंदवाड्याकडे मोहगाव कलांला सापडलंय निपाचं फळ. निपा म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारा ताड, सुंदरबनात आजही आहे. छिंदवाडा! आज समुद्र शोधायला तिथून कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर जावं लागेल.

सडेकर
म्हणजे खाडी तुमच्याकडे आमच्याआधी होती? हे साडूला सांगू नका, हार्ट अटॅक येईल.

दर्या_सीताबर्डी
बोटीवर असतो, नेट मिळालं की वाचतो. सगळे जमिनीवरच भांडताय, पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्र आहे त्याला रंग कोणता देणार? पोट्टीनं निळा दिला असेल एकच. पण राहू द्या, ते मोठं प्रकरण आहे.

मला दोनच सांगायचंय. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर अटाकामा वाळवंट, समोर समुद्र आणि पाठीमागे इतकं कोरडं की घरांची छपरं पाहून वाटतं ह्यांना पाऊस ही कल्पनाच नाही. समुद्राचा थंड प्रवाह ढग वर चढू देत नाही, पलीकडून येणारी वाफ अँडीज अडवतो. धुकं मात्र येतं, आणि तिथले लोक डोंगरावर जाळ्या लावून त्या धुक्याचं पाणी गोळा करतात.

दुसरं केपटाऊन. टेबल माउंटनवर सगळी झुडपं, फिनबॉस म्हणतात. दिसायला आपलं झुडपी जंगलच, साडूंनी नाक मुरडलं असतं. त्या चिमूटभर पट्ट्यात ९००० च्या आसपास जातीच्या वनस्पती, त्यातल्या जवळपास ७० टक्के जगात दुसरीकडे नाहीत. आणि कित्येकांचं बी धूर लागल्याशिवाय रुजत नाही. आग नको, नुसता धूर पुरतो.

मोहफूल
धुरानं बी रुजते! हे आईले सांगतो, ती म्हणन मी तर आधीच सांगत होती.

कुसळ
ब्राझीलच्या ईशान्येला आपल्यासारखंच कोरडं रान आहे, काटिंगा. त्या शब्दाचा तिथल्या मूळ तुपी भाषेतला अर्थ पांढरं रान. पानं गळल्यावर उघड्या फांद्या पांढुरक्या दिसतात म्हणून. त्यांनी उन्हाळ्यातलं रूप बघून नाव ठेवलं, पावसाळ्यातलं नाही.

भूगोलाच्या_बाई
तर्रीपोहे, मुलीचा नकाशा राहिला. तिला म्हणावं नागपूरवर पिवळ्या-हिरव्या तिरप्या रेघा मार. पूर्वेला गडचिरोलीकडे हिरव्या दाट कर, तिथे पाऊस १४०० च्या पुढे जातो, बंगालच्या उपसागरावरून येणारे पट्टे आधी तिथे पडतात. बुलढाण्याकडे जाता जाता पिवळा वाढव. मेळघाटात चिखलदऱ्याला एक ठिपका वेगळा, उंचीमुळे तिथे कॉफी होते. मार्क कापले तर मला सांगा, मी त्या बाईंशी बोलते.

तर्रीपोहे
पोट्टीनं रेघा मारल्या, झकास दिसते. कोपऱ्यात चंद्रपूरवर पांढरा ठिपका दिला अन् खाली लिहिलं "३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ". खडकफोड्या भाऊ ती तुमची फॅन झाली, ते पानाचे ठसे कुठं पाहायले मिळतील विचारते.

साडूले अख्खा धागा पाठवला काल रात्री. निळी टिक आली, उत्तर नाई. आज दुपारी एक फोटो आला, राजापूरचा सडा, भर उन्हातला, करडा कातळ अन् मधे एक वाळलेलं काटेरी झुडूप. खाली एवढंच, "पेटी पाठवतोय हापूसची. पत्ता तोच ना?"